वाऱ्याला जायची वाट

ऑक्टोबरातली दुपार, पावणेतीनची वेळ. विरार पश्चिमेला सातव्या मजल्यावरच्या आमच्या हॉलच्या खिडकीत मी पेटती अगरबत्ती धरून उभी होते. पंखा मुद्दाम बंद केला होता. मला वारा बघायचा होता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या, खालच्या उरल्यासुरल्या नारळांच्या झावळ्या डुलत होत्या. म्हणजे अर्नाळ्याकडून खारा वारा सुटलेला होता. पण आमच्या खिडकीत धूर हातभर आत आला, जागच्या जागी घुटमळला आणि आला त्याच खिडकीतून परत बाहेर गेला.

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. काय चाललंय हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी जाऊन मुख्य दरवाजा सताड उघडला, बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला मात्र कडी राहू दिली. धुराची रेघ एकदम ताठ झाली. हॉल ओलांडून, चपलांच्या कपाटावरून ती जाळीतून जिन्याकडे निघून गेली. माझ्या घामेजल्या पाठीला गार लागलं.

"अगं, येणाऱ्याला जायला वाट नको का?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा ते 'समुद्राच्या वाऱ्याचं घर' म्हणून विकलं गेलं होतं. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असं मला म्हणता येत नाही. वारा खिडकीपर्यंत खरोखरच येतो. तो घरात यावा अशी सोय मात्र नकाशा काढणाऱ्याने केलेली नाही. वर स्लॅब, पश्चिमेला काच, भिंती मायव्हनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबसकट ओतलेल्या सबंध काँक्रीटच्या. मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती अजून दुपार धरून बसलेली असते.

वीज न जाळता घर थंड ठेवण्याच्या या विद्येला वास्तुविशारद 'पॅसिव्ह डिझाइन' म्हणतात. नाव परकं असलं तरी वसईला ती नवी नाही. सासूबाईंचं माहेर निर्मळच्या बाजूला, वाडीतलं. तिथे मी लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये गेले, तेव्हा ओट्यावर पाय ठेवताच अंगातला उकाडा उतरल्यासारखा वाटला होता. तेव्हा मी त्याचं श्रेय सासरच्या लोकांच्या पाहुणचाराला दिलं. आता मी ते घर वेगळ्या डोळ्यांनी बघते.

घराला पुढे ओटा, त्यावर उतरतं छप्पर, मग पडवी, मग माजघर. पश्चिमेचं ऊन या थरांतून गाळत गाळत आत येतं. माजघराच्या भिंतीला ते कधी शिवतच नाही. पुढच्या दारासमोर मधलं दार आणि त्यासमोर परसदार. तिन्ही उघडी टाकली की ओट्यावरून थेट विहिरीचा रहाट दिसतो. खिडक्या खाली, गुडघ्याइतक्या उंचीवरून सुरू होणाऱ्या. जमिनीवर पाट घेऊन बसलेल्या आणि चटईवर निजलेल्या माणसाला वारा लागायला हवा, तर खिडकी तिथेच हवी. आपल्या फ्लॅटमधल्या खिडक्या कमरेच्या वर सुरू होतात, म्हणजे वारा आलाच तर तो खाटेवर झोपलेल्याच्या अंगावरून निघून जातो. वाडीतल्या घरात खिडक्यांच्या लाकडी झडपा तिरक्या करता येतात: ऊन आणि शेजाऱ्याची नजर बाहेर, वारा आत. वर माळा, त्याच्यावर मंगलोरी कौलं. तापलेली हवा वर चढते, माळ्यावर साठते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती सगळ्या कोकणपट्टीत पसरली. त्याआधी आपल्याकडे कुंभारांनी घडवलेली नळीची कौलं होती. फटी दोन्हींत होत्या. या फटींतून पावसाचे तुषार येतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवली.

आणि घर एकटं नव्हतं. भोवती वाडी होती. नारळ, आंबा, फणस यांची उंच सावली; तिच्याखाली सुपारी; तिच्याखाली केळी; मग पानवेल, मोगरा, भाजी. झाडाचं पान पाणी बाहेर सोडतं आणि त्या बाष्पीभवनात भोवतालची उष्णता खर्च होते. वाडीच्या मधोमध बावखल. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगते: बावखल म्हणजे मोठी, कच्च्या काठांची, तळ्यासारखी पसरट विहीर. पाऊस त्यात साठतो, जमिनीत मुरतो, खाऱ्या पाण्याला लांब ठेवतो आणि उन्हाळ्यात वाडी शिंपायला उपयोगी पडतो. बावखलावरून, ओल्या पाटांवरून, केळीच्या पानांवरून फिरत फिरत वारा ओट्यावर पोचायचा. आमच्या सातव्या मजल्यावर पोचणारा वारा मधल्या काळात डांबरावरून, पेव्हर ब्लॉकवरून आणि गाड्यांच्या टपांवरून आलेला असतो.

हे लिहिताना मला जुन्या घराची भलावण करायची नाही. त्या घरात स्वयंपाकघर काळोखं होतं, धुराने सासूबाईंच्या आईचे डोळे गेले, पावसाळ्यात कौलं परतायला माणसं मिळेनाशी झाली. घराची वाटणी झाली तेव्हा मागचा अर्धा भाग पाडून तिथे स्लॅबचं घर झालं आणि ते बांधणाऱ्या मामेसासऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण स्लॅब आली तेव्हा समोरासमोरची दारं का गेली? दारं समोरासमोर ठेवायला जास्त सिमेंट लागत नाही.

आपल्या हवेचा स्वभाव आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण थंडाव्याचा उपाय गावोगावी बदलतो. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान-पट्टे पाडले आहेत; विदर्भ आणि वसई एकाच राज्यात असूनही एका पट्ट्यात बसत नाहीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून तिथे वाळ्याचे ताटे चालले आणि आज कूलर चालतो: कोरडी हवा पाणी पिते आणि गार होते. वसईची हवा आधीच पाण्याने भरलेली. इथे कूलर लावला तर खोलीचं फक्त दमट कोठार होतं. आपल्याकडे पारा तसा फार चढत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा उच्चांक ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. मेमधली नेहमीची दुपार ३३-३४ अंशांची. पण त्वचेचं तापमान याच्याच आसपास असतं, त्यामुळे शरीराची उष्णता हवेत आपोआप जात नाही. घाम वाळला तरच अंग निवतं, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. अंगाभोवती स्वतःच्याच घामाच्या वाफेचं एक पातळ आवरण तयार होतं. ते उडवून लावणारी एकच गोष्ट, हलती हवा. पंखा खोलीचं तापमान एका अंशानेही कमी करत नाही, तरी त्याच्याखाली दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं ते याचमुळे.

दमट उष्णता काय करू शकते हे आपण पाहिलेलं आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसं गेली. त्या दिवशी पारा विदर्भासारखा चाळिशीच्या पार गेलेला नव्हता.

तेव्हा वसईच्या घराला दोन गोष्टी लागतात: सावली आणि वारा. आणि इथेच सगळी अडचण आहे, कारण आपल्याकडे या दोघांचं भांडण आहे. वारा पश्चिमेचा. सकाळी मतलई वारे पडले की अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो. ज्या मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा सुटतो, त्या मार्चमध्ये मुंबईपासून डहाणूपर्यंत सगळे भाजून निघतात. पण दुपारचं तिरपं, सर्वांत छळणारं ऊनही पश्चिमेचंच. आणि पावसाची झोडही पश्चिम-नैर्ऋत्येचीच. वाऱ्यासाठी पश्चिम उघडी ठेवावी तर ऊन आणि पाऊस आत. बंद करावी तर वारा बाहेर.

चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर 'कांचनजंगा' बांधली, १९८३ मध्ये पुरी झाली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची आठवण धरून इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या. ऊन-पाऊस त्या बागेत अडतो, वारा तिच्यातून घरात जातो. म्हणजे निर्मळच्या ओट्याचंच काम, सत्तावीस-अठ्ठावीस मजली इमारतीत. ती श्रीमंतांची घरं आहेत हे खरं. पण त्याच काळात कोरियांनी नव्या मुंबईत बेलापूरला बैठ्या घरांची वसाहत उभारली, तिथेही उघडं अंगण हे घराचाच भाग होतं. तत्त्वाला भाव लागत नाही, जागेला लागतो. विरारच्या साडेतीनशे चौरस फुटांच्या वन बीएचकेत बाल्कनी होती तीही आत घेतली गेली आणि ती घेणाऱ्याला मी दोष देत नाही. दोन मुलं, म्हातारी आई आणि एकच बेडरूम असली की माणूस बाल्कनीत पलंग टाकणारच. मात्र ती बंद झाली त्या दिवशी खोलीची सावली गेली आणि पश्चिमेचं ऊन थेट काचेवर आलं. मार्चमधल्या दुपारी चारला पश्चिमेच्या एक चौरस मीटर उघड्या काचेतून साधारण अर्धा किलोवॉट उष्णता आत येते. आपल्या हॉलची खिडकी मोजून बघा आणि मग ठरवा की आपण दुपारभर घरात किती शेगड्या पेटवून बसतो.

छज्ज्याची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यात गणित आहे आणि ते सुंदर आहे. वसई साडेएकोणीस अक्षांशाच्या जवळपास. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर. मग जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेला, आणि नंतर दक्षिणेला कलत जातो. दक्षिणेची चार फूट उंच खिडकी घ्या आणि तिच्यावर दोन फुटांचा छज्जा काढा. ऑक्टोबरच्या मध्याला, उकाडा ऐन भरात असताना, माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून बासष्ट अंशांवर असतो आणि जवळजवळ सबंध खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात तो सत्तेचाळीस अंशांपर्यंत उतरतो आणि अर्धी खिडकी कोवळ्या उन्हात न्हाते. दोन फूट काँक्रीट वर्षभर हे काम बिनबोभाट करतं. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग नाही, कारण चार वाजताचं ऊन त्याच्या खालून शिरतं. तिथे उभी आडकाठी हवी: झडप, बांबूची चिक, जाळी किंवा झाड. आमच्या इमारतीने काय केलं? चारही बाजूंना एकसारखे नऊ इंची पट्टे काढले, कारण दर्शनी भाग सगळीकडून सारखा दिसायला हवा होता. सूर्य मात्र चारही बाजूंना सारखा येत नाही.

खिडकीचाही हिशेब असाच. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिलेली आहे. आपल्यासारख्या उष्ण-दमट पट्ट्यात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश, १६.६६ टक्के, इतकी जागा उघडणारी असावी असं ती सांगते. कोरड्या गरम पट्ट्यासाठी हेच प्रमाण १० टक्के आहे, यावरून आपल्याला वारा किती लागतो ते कळेल. 'उघडणारी' हा शब्द महत्त्वाचा. दहा बाय बाराच्या बेडरूमला या हिशेबाने वीस चौरस फूट उघडी जागा हवी. तिथे असते चार बाय चारची सरकती खिडकी. सरकत्या खिडकीची एक काच दुसरीच्या मागे जाते, म्हणजे सोळातली आठच फूट उघडतात. त्या आठावर डासांची जाळी. जाळी वाऱ्याचा जोर आणखी मारते. जुन्या बिजागरीच्या खिडकीची झडप सबंध उघडायची. ती गेली, कारण बाहेर उघडणारी झडप लोखंडी ग्रिलला आडवी येते.

डासांचा विषय हसण्यावारी नेऊ नये. खाड्या, मिठागरं, तुंबलेले नाले यांच्या मध्ये वसलेल्या गावात संध्याकाळी सहाला खिडक्या बंद होतात, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार व्हायला लागलेली असते. रात्री दार उघडं ठेवून झोपणं एकट्या राहणाऱ्या बाईला शक्य नसतं. सहा मीटरवरच्या समोरच्या इमारतीतून आपल्या खाटेवर नजर येते. वाऱ्यावर भाषण देणाऱ्याने या तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत. माझ्या मते विरार-नालासोपाऱ्याच्या लोकांनी एक उत्तर स्वतःच काढलं आहे, ते म्हणजे सेफ्टी डोअर. चोराच्या भीतीने बसवलेल्या त्या जाळीच्या दाराने घराला वाऱ्याची दुसरी वाट दिली. उन्हाळ्यात दुपारी कुठल्याही जुन्या सोसायटीचा जिना चढून जा. मजल्यामजल्यावर जाळीआड उघडी घरं, टीव्हीचे आवाज, कढीपत्त्याची फोडणी. त्या जिन्याला खिडकी असेल तर सगळी इमारत श्वास घेते. नव्या उंच इमारतींत मात्र पॅसेज चारही बाजूंनी बंद, मध्ये लिफ्ट. तिथे दार उघडून काही होत नाही.

भिंतीबद्दल थोडक्यात सांगते. काँक्रीटमधून उष्णता विटेच्या साधारण दुप्पट सहजतेने जाते. हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या एएसी ब्लॉकमधून विटेच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याने. बांधकामावरचे मिस्त्री या पांढऱ्या ब्लॉकला अजून 'सिपोरेक्स' म्हणतात. हे स्वीडनचं तंत्र बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात पुण्यात आणलं, म्हणजे महाराष्ट्राला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. मायव्हनचा वेग मोठा आहे, मजला आठवड्या-दहा दिवसांत चढतो, आणि स्वस्त घरं लवकर हवीत हेही खरं आहे. पण निदान पश्चिमेच्या भिंतीला आतून वा बाहेरून एक उष्णतारोधक थर द्यावा, एवढं तरी नकाशावर लिहिता येतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-डहाणूकडे वारली घरांच्या कुडाच्या भिंती पाहा: कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणामातीचा लेप. पातळ भिंत, उष्णता साठवत नाही, रात्र झाली की लगेच निवते. दमट हवेत रात्री झोप लागायला हवी असेल तर हा गुण मोठा आहे. आपण त्या भिंतीवरची चित्रं उचलून हॉलमध्ये लावली आणि भिंत तिथेच सोडून आलो.

सर्वांत जास्त मार छपराला बसतो. भिंतीवर ऊन काही तासच येतं, गच्चीवर उजाडल्यापासून मावळेपर्यंत. इको निवास संहिता छपरातून जाणाऱ्या उष्णतेवर जी मर्यादा घालते, तिच्या अडीचपटीहून अधिक उष्णता साध्या सहा इंची उघड्या स्लॅबमधून खाली येते. दुपारी एकचं ऊन स्लॅब ओलांडून चार-पाच तासांनी खोलीत उतरतं, नेमकं मुलं शाळेतून आणि माणसं लोकलमधून घरी येतात तेव्हा. वरच्या मजल्यावरच्यांनी हे सोसायचं, गच्ची मात्र सगळ्यांची, त्यामुळे सोसायटीच्या सभेत खर्चाचा विषय निघाला की खालचे सहा मजले गप्प बसतात. आमच्याकडे तीन वार्षिक सभा यात गेल्या. चौथ्या वर्षी गळती सुरू झाली आणि मग सगळे बोलू लागले.

पर्याय दोन होते. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा लेप द्यायचा किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक करायचं. नाहीतर परवानगी काढून वर पत्र्याची शेड घालायची. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये देशातली पहिली उष्णता कृती योजना आखली, आणि तिथे पुढे पांढऱ्या छपरांचा मोठा प्रयोग झाला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. पण माझं मत असं झालं आहे की पांढरा रंग कोरड्या गावाला जितका लाभतो तितका वसईला लाभत नाही. चार महिन्यांच्या पावसात गच्चीवर शेवाळ चढतं, पांढऱ्याचं काळं होतं. दसऱ्याला घासून धुतलं तरच ऑक्टोबरात त्याचा उपयोग. शेडचं तसं नाही. ती पाऊसही अडवते आणि ऊनही, फक्त तिच्या चारही बाजू उघड्या हव्यात. पत्रा तापतो, त्याच्याखालचा वारा ती उष्णता घेऊन जातो आणि स्लॅब सावलीत राहते. म्हणजे वरती माळा बांधल्यासारखंच झालं. आम्ही अर्ध्या गच्चीवर शेड केली, अर्धीवर लेप दिला. आधी संध्याकाळी स्टुलावर चढून छताला तळवा लावला की चटका नाही पण ऊब जोरात जाणवायची. आता शेडखालच्या खोलीत छत भिंतीइतकंच लागतं. लेपाखालची खोली पहिल्या वर्षी तितकीच गार होती. यंदा गच्ची धुवायला कोणाला वेळ झाला नाही.

एसी आमच्याकडेही आहे, एका खोलीत. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा घेतला आणि त्याबद्दल मला खंत नाही. एक टनाचा एसी रात्रभर चालला तर पाच-सहा युनिटं जातात. साधा पंखा रात्रभरात अर्ध्या युनिटाच्या थोडं वर, नवा बीएलडीसी पंखा त्याच्याही निम्म्याने. भिंत, छप्पर आणि खिडकी सुधारली तर एसी लागणारच नाही असं मी म्हणत नाही. वर्षातले सहा महिने लागतो तो दोन महिने लागेल, आणि सव्वीसवर भागेल. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये भारतीय कचेऱ्यांतल्या माणसांवर अभ्यास करून दाखवलं की उघड्या खिडक्यांच्या इमारतीत, बाहेरची सरासरी तिशीच्या घरात असेल तर २९ अंशांच्या आसपासही माणसं सुखात काम करतात. गरम होतंय की नाही हे ठरवताना आपलं अंग ऋतूचा हिशेब धरतं. शिवाय एसी उष्णता नाहीशी करत नाही, खिडकीबाहेर फेकतो. दोन इमारतींमधल्या डक्टमध्ये बारा घरांचे एसी लागले की ज्याच्याकडे एसी नाही त्याला खिडकी उघडता येत नाही.

आणि ज्यांच्याकडे तो नाहीच, कधी येणारही नाही, त्यांच्याकडे जायला फार लांब जावं लागत नाही. रेल्वे ओलांडून नालासोपारा पूर्वेला, संतोष भुवन, धानीवबाग, पेल्हारकडे निघालं की पत्र्याच्या चाळी लागतात. दहा बाय बाराची खोली, एकच दार, मागची भिंत पुढच्या चाळीच्या भिंतीला चिकटलेली. दुपारी पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं वाटतं, आणि त्या वेळी घरात असतात त्या बायका, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं. एका खोलीत मणी ओवायचं काम घेऊन बसलेल्या ताई म्हणाल्या की दुपारी बारा ते पाच त्या काम दारात घेऊन बसतात, कारण आत बसलं तर घामाने मणी हातातून निसटतात. शेजारच्यांनी पत्र्याखाली थर्माकोल लावला आहे. गार वाटतं, पण गॅसच्या शेगडीवर थर्माकोल असणं धोक्याचं आहे. पत्र्याखाली बांबूची चटई आणि मध्ये वीतभर पोकळी, पत्र्याला पांढरा रंग, आणि मागच्या भिंतीत वर, पत्र्यालगत, चार विटा काढून झरोका: एवढ्याने त्या खोलीचं पुष्कळ भलं होईल. तिथून दोन किलोमीटरवर वालीव-सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांवर वाऱ्याने गरगर फिरणारे पत्र्याचे भोवरे बसवलेले आहेत. ते गरम हवा वर ओढून बाहेर टाकतात, वीज खात नाहीत. यंत्रं तापू नयेत म्हणून ते बसवले. त्या यंत्रांवर बारा तास उभा राहून आलेला माणूस ज्या खोलीत झोपतो तिच्यावर मात्र नाहीत.

वसईला हे सगळं कोणी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. १९९० मध्ये या भागाचं नियोजन सिडकोकडे गेलं, आणि त्याच सुमाराला हरित वसई संरक्षण समितीने वाड्या, झाडं आणि पाणी वाचवण्यासाठी मोर्चे काढले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या लढ्याच्या पुढे होते. तेव्हा ती शेती आणि पाण्याची लढाई वाटली. मला आज ती घरातल्या हवेचीही वाटते. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली. एवढ्या माणसांना वाड्यांत ठेवता येत नाही, उंच इमारती लागणारच. पण इमारत कुठल्या दिशेला तोंड करेल, दोन इमारतींमधून वारा वाहायला रांग सुटेल की नाही, बावखल बुजवून त्यावर पार्किंग येईल की बावखल ठेवून त्याच्या काठाला इमारत येईल, हे नकाशा मंजूर होताना ठरतं. त्या टेबलावर त्या घरात पुढे तीस वर्षं राहणारं, विजेचं बिल भरणारं कोणी बसलेलं नसतं.

करता येतं याचा दाखला आपल्याच पश्चिम रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहे. राजकोटला पंतप्रधान आवास योजनेतल्या 'स्मार्ट घर ३' प्रकल्पात, भारत-स्वित्झर्लंड सहकार्याने, ११७६ घरं या विचाराने आखली गेली. बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या. खिडक्या सरकत्या नव्हेत, बिजागरीच्या, जवळजवळ सबंध उघडणाऱ्या, आणि त्यांच्या झडपांचा काही भाग काचेऐवजी अपारदर्शक, म्हणजे झडप लोटली की सावलीही आणि आडोसाही. शिवाय इमारतीतल्या उभ्या पोकळीतून हवा वर खेचून घेण्याची सोय. ती गरिबांसाठी बांधलेली सरकारी घरं आहेत. त्यांना जमलं ते विरारच्या खासगी संकुलाला, दर चौरस फुटाला आठ-दहा हजार घेऊन, परवडत नाही हे मला पटत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने बोळिंजला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर पाहिलं आणि मला बरोबर नेलं. मी पिशवीत अगरबत्ती घेतली होती. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू होता, तेव्हा मी म्हटलं की खरं घर दाखवा. सुपरवायझरने हेल्मेट दिली आणि कच्च्या जिन्याने आम्ही वर गेलो. दुपारचे दीड वाजले होते, जेवणाची सुट्टी. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून सात-आठ मजूर गाढ झोपले होते. वर अजून पाच मजले मोकळे होते, खाली दोन होते. त्यांनी नेमका हा निवडला होता. पश्चिमेला हॉलच्या खिडकीची जागा म्हणजे अजून नुसतं मोठं चौकोनी भोक होतं, समोर जिन्याचं भोक, मध्ये दारांच्या चौकटीही नव्हत्या. वारा एका बाजूने येऊन दुसरीकडे जात होता आणि झोपलेल्यांचे शर्ट पाठीवर फुगत होते. मला अगरबत्ती काढावी लागली नाही. भाची खिडकीच्या भोकाशी जाऊन उभी राहिली, ओढणी आवरत म्हणाली, "मावशी, किती छान वाटतंय ना इथे!"

आवाजाने एक मजूर कुशीवर वळला. सुपरवायझरने आम्हाला हळू बोलायची खूण केली आणि खालच्या आवाजात सांगितलं, "अजून काम बाकी आहे, मॅडम. सोमवारी स्लायडिंग येतंय, मग हे सगळं बंद होईल."